चौकडीच्या सपाता

लाश्को, मे अखेर

प्रिय नेझा,

फोन सोडून मी पत्र का लिहिते आहे, असं तुला वाटेल. फोनवर मी हसून वेळ मारून नेते. गेल्या महिन्यात तू सिरिलची चौकशी केलीस तेव्हा मी चेरीच्या झाडाबद्दल बोलत बसले, आठवतं? कागदावर तसं जमत नाही. शेवटी तुला एक काम सांगणार आहे, पण ते एकदम सांगितलं तर घशातच अडकेल. म्हणून जरा आडवळणाने येते.

आमच्या आन्काने विचारलं आहे, जूनमध्ये शाळा सुटली की लाराला सुट्टीभर आमच्याकडे ठेवू का. लारा आता सहा वर्षांची आहे. सिरिलआजोबांशिवाय तिचं पान हलत नाही. रुळांच्या कुंपणाशी दोघं उभी राहतात आणि गाडी गेली की दोघंही सलाम ठोकतात. आन्का म्हणते, "आई, एवढा कसला विचार करतेस? तुम्हालाच सोबत होईल." मी अजून हो म्हटलेलं नाही. नाहीही म्हणवत नाही.

परवा टेकडीवरच्या वाटेने गेले होते. रेल्वेचं जुनं विश्रामगृह कुणीतरी विकत घेतलंय, खिडक्यांना हिरवा रंग दिलाय. मी फाटकाशी उभी राहिले आणि मला आतून चक्क सूपचा वास आला. आपला वर्ग तिथे भरायचा तेव्हा कायदा नवा होता. घरातल्या मारहाणीची तक्रार आली की नेमकं काय करायचं, हे कुणालाच धड ठाऊक नव्हतं. म्हणून पोलीस, समाजसेविका, घरोघर फिरणाऱ्या परिचारिका, सगळ्यांना एका खोलीत कोंबून मी शिकवायचे. पहिल्या सकाळी प्रत्येक तुकडी एकच प्रश्न विचारायची: "बाई, लांबड नको. माणूस धोकादायक आहे की नाही, एवढं कसं ओळखायचं ते सांगा." आणि मी दरवेळी म्हणायचे, माणूस म्हणजे दुधाचं पातेलं नव्हे, नासलंय का ते हुंगून सांगायला. धोका कुणाला, कसला, केव्हा? कशाने भडका उडतो, कशाने विझतो? आधी काय घडलंय, आणि उद्या त्याहून वाईट काय घडू शकेल? हे सांगा. मग काय करायचं ते ठरवा, आणि महिन्याभराने पुन्हा बघा, कारण माणूस जागच्या जागी राहत नाही.

तुमच्या तुकडीतला बोरुट आठवतो? तो धिप्पाड पोलीस, दोन खुर्च्यांवर बसायचा. त्याने सरावासाठी आणलेलं प्रकरण त्याच्याच चुलतभावाचं निघालं. "बाई, मी त्याला चड्डीत असल्यापासून ओळखतो. तोंडाळ आहे, पण मुळात तसा नाही." मी ते प्रकरण त्याच्या हातातून काढून घेतलं आणि फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'तो मुळात तसा नाही'. खाली लिहिलं, 'मी जिन्यावरून पडले'. म्हटलं, ही दोन वाक्यं तुम्हाला जन्मभर ऐकू येणार आहेत, आज नीट पाहून घ्या. आणि ज्याच्यावर आपली माया, त्याच्या धोक्याचं मोजमाप आपण करायचं नाही. ते दुसऱ्याला करू द्यायचं. बोरुट रुसला. तू मागच्या बाकावरून म्हणालीस, "बाई, या गावात सगळेच एकमेकांचे चुलते. मग मोजायला काय हंगेरीहून माणूस आणायचा?" बोरुटच सगळ्यात मोठ्याने हसला.

आणि मग दुपारी सिरिलचा खेळ. तोवर तुम्हाला तो फक्त सूप वाढणारा, स्टेशनवर रूळ बदलणारा सांधेवाला, बाईंचा नवरा एवढाच ठाऊक. त्याच्या हौशी नाटकमंडळीबद्दल मी मुद्दाम बोलत नसे. कोपऱ्यातल्या खोलीला घर मानायचं, सिरिल तिथला तक्रार झालेला नवरा, दार वाजवायचं, आत जाऊन चौकशी करायची. पहिली तू. सिरिलने दार उघडलं, चेहऱ्यावर सगळ्या जगाचं अगत्य. "या, या पोरी, बाहेर काय गारठा! बूट काढ, ह्या घाल पायात." आणि त्या चौकडीच्या लोकरी सपाता पुढे केल्या, त्याच्याच मापाच्या. तू उंच बुटांच्या नाड्या सोडल्यास, बूट भिंतीशी नीट जोडून ठेवलेस आणि आत गेलीस. कुणीही गेलं असतं. आपल्याकडे पाहुण्याने बूट घालून आत जायचं म्हणजे यजमानाच्या तोंडावर थुंकण्यासारखंच.

चार वाक्यांत त्याचा आवाज चढला. पाचव्या वाक्याला त्याने खुर्ची आपटली आणि तो दाराच्या बाजूला सरकला. सगळ्यांचं हसू बंद झालं. तू त्याच्या काखेखालून निसटून पळालीस, एक सपात आत राहिली, दुसरीने तुला बोळात तोंडघशी पाडलं. मी दोनदा टाळी वाजवली. टाळी वाजली की खेळ संपला, हा आमचा नियम. त्याच क्षणी त्याचा चेहरा दिवा लावल्यासारखा उजळला आणि तो तुला उठवायला धावला. तू रडत रडत ती सपात उचललीस आणि त्याच्या छातीवर फेकलीस. "काका, तुम्ही फार वाईट माणूस आहात!" त्याने वाकून नमस्कार केला. म्हणाला, "एवढं कौतुक मला नाटकातही मिळालं नाही गं."

संध्याकाळपर्यंत आपण फक्त बुटांवर भांडलो: वेळ आली तर पळता यावं म्हणून ते काढायचेच नाहीत का? तेरेझिया नावाची ती म्हातारी परिचारिका उभी राहून म्हणाली, "मी बूट घालून कुणाच्या घरात गेले तर माझी आई थडग्यातून झाडू घेऊन उठेल." तेव्हा तोड तूच काढलीस. दारातच, पायपुसण्यावर तळवे घासत, हसून म्हणायचं: "काकी, ऑफिसचा नियम आहे, बूट काढले तर मलाच बोलणी बसतील." नियमाला दोष द्यायचा, घराचा मान ठेवायचा. पुढच्या प्रत्येक तुकडीला मी ते वाक्य शिकवलं. तू आता शिकवतेस तेव्हा सांगतेस का, की ते तुझंच आहे?

त्या रात्री जेवताना तू सिरिलला विचारलंस, एवढा राग आणता कुठून? तो म्हणाला, "बापाकडून आला. घरात कधी वापरला नाही, म्हणून शिल्लक आहे." सगळे हसले. मी हसले नाही, कारण ते खरं होतं. इतक्या वर्षांच्या संसारात त्याने माझ्यावर आवाज चढवला नाही. रागवला की तो मधाच्या पेट्यांकडे निघून जायचा आणि येताना काहीतरी तोडून आणायचा, एखादी फांदी, मूठभर पुदिना. बापाचा सगळा राग त्याने माझ्या वर्गात खर्च केला, टाळी वाजेपर्यंतच्या वेळात.

त्याचं विसरणं तुला ठाऊकच आहे. चष्मा ब्रेडच्या डब्यात, सपाता ओव्हनमध्ये. त्यावर आम्ही हसायचो, तोही हसायचा. मग हिवाळा सरताना एका दुपारी त्याला ड्यूटीवर जायचं होतं, निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी. बाहेर बर्फाचा चिखल, अंगात नुसता सदरा. मी दाराला कुलूप लावलं. त्याने माझा दंड धरला आणि ओरडत मला भिंतीवर लोटलं. नेझा, तो आवाज मी शेकडो वेळा ऐकला होता, फक्त माझ्याकडे तोंड करून नाही. हात आपोआप वर गेले आणि मी दोनदा टाळी वाजवली.

तो थांबला. चेहरा तसाच उजळला. "कसं झालं?" म्हणाला. "जास्त झालं का? पोरगी घाबरली नाही ना?" मी म्हटलं, छान झालं सिरिल, फार छान. आणि आम्ही दोघांनी चहा घेतला. मी कुणाला काही बोलले नाही. मला वाटलं, माझ्या हातात किल्ली आहे. टाळी आहे ना माझ्याकडे. अशी टाळी कुणा बाईने माझ्या वर्गात सांगितली असती, तर मी तिला काय विचारलं असतं? एवढं मला तेव्हाही कळत होतं. मी ते स्वतःला विचारलं नाही, इतकंच.

त्यानंतर तीनचारदा टाळीने काम केलं. गेल्या रविवारी केलं नाही. दुपारची गाडी उशिरा आली, आणि गाडी उशिरा आली की त्याला वाटतं आपल्याच हातून काही चुकलं. मी सूप वाढत होते. त्याने पातेलं भिरकावलं. मी टाळी वाजवली. त्याने माझ्या हातांकडे पाहिलं, मी चिमण्या उडवते आहे अशा नजरेने. पुन्हा वाजवली. मग त्याने मनगट धरलं आणि पिरगाळलं. नंतर तोच शेजारी बसून विचारत होता, "मिल्का, तुझ्या हाताला काय झालं? कुणी केलं?" शेजारणीनेही विचारलं. मी म्हणाले, जिन्यावरून पडले. माझ्या तोंडून ते वाक्य बाहेर पडलं आणि मला फळा दिसला, माझंच अक्षर दिसलं. वरचं वाक्य तर मी हिवाळ्यापासून रोज मनात म्हणते आहे.

तर काम हे. ये, आणि सिरिलचं मोजमाप तू कर. मला करता येणार नाही, का ते तुला सांगायला नको. मला जे विचारायचं ते आन्काच्या नवऱ्यासमोर विचार; लाराच्या बापासमोर मी खोटं बोलणार नाही. बोललेच तर तुला कळेल. तो घरी राहू शकतो का, राहायचा तर कुणी यायचं, काय बदलायचं, आणि लाराला आजोबांकडे पाठवायचं की नाही, तू म्हणशील ते मी ऐकेन. तू नको म्हणालीस तर आन्काला मीच सांगेन. पुढच्या शनिवारी दुपारच्या गाडीने आलीस तर तो कुंपणाशी उभा असेल, गाडीला सलाम करील. कदाचित तुला ओळखील. मग धावत घरी येऊन दार उघडेल, चेहऱ्यावर सगळ्या जगाचं अगत्य असेल, आणि म्हणेल, "या, या पोरी, ह्या घाल पायात." चौकडीच्या त्याच सपाता आहेत, मी त्यांना दोनदा नवे तळवे लावले. त्याला फार वाईट वाटेल, मी मागे उभी असेन, मलाही वाटेल. पण नेझा, आमच्या घरात येताना बूट काढू नकोस.

तुझीच,
मिल्काबाई