बू घराण्याचं रक्त

२८ ऑगस्ट
लिहायचं टाळत होतो. पेन मिळत नव्हतं म्हणे! भीती, दुसरं काय.
बुसानहून जेजूला, आमच्या बेटावर, परत आलो तर बाबांची उजवी बाजू लुळी. मेंदूतली बारीक नस तुंबली. डॉक्टरीणबाई म्हणाली, रक्तातच एक फरक असतो, बेटावर बऱ्याच जणांत आहे. बापाकडून मुलात यायची शक्यता निम्मी. कित्येक जण म्हातारे होईस्तोवर ठणठणीत. काही जण नाहीत. माझं रक्त तपासलं — आहे! सिगरेट सोड म्हणाली. बाहेर येऊन पहिली तीच ओढली. मूर्ख.

३० ऑगस्ट
थोरल्या काकांना सांगितलं. भडकले. "बू घराण्याचं रक्त नासकं म्हणतोस? आजोबांचं थडगं ओल्या जागी आहे, म्हणून हे होतंय. ते हलवू. बोमीच्या सासरी शब्द गेला तर जीभ उपटीन!" बोमी त्यांची एकुलती मुलगी. डिसेंबरात लग्न.
थेरडा!

२ सप्टेंबर
बंदरावर होडीवरचं काम मिळतंय का बघायला गेलो. तिथे कुणाचा तरी कुत्रा होडी चालवतो म्हणे. खोटं! सुकाणूपाशी नुसता झोपतो. तासभर बघत बसलो.
येताना बोमी भेटली. "दादा, संत्र्याच्या बागेत काम करताना माझा हात दोनदा बधिर झाला. मला तपासायला ने. बाबांना सांगू नको."
नेणार.

३ सप्टेंबर
बोमीला तपासायला घेऊन निघालो, तर काकांनी बसथांब्यावर गाठलं. बोमीला दंडाला धरून ओढलं. "जग भटकून आलास, आता माझ्या पोरीला डाग लावतोस?"
"आला तर तुमच्याकडूनच आला असेल! आधी स्वतःचं तपासा!"
रांगेतली एक आजी म्हणाली, "भांडा रे, पण बाजूला होऊन. बस आली."
बस गेली. बोमी राहिली.

५ सप्टेंबर
थडग्यांवरचं गवत कापायचा दिवस. सगळे भाऊबंद विळे घेऊन हजर. काका सगळ्यांदेखत म्हणाले, "याला विळा देऊ नका. हा आपला नाही." सगळे गवत कापायला लागले. दगडी कुंपणाबाहेर मी आणि एक घोडा.
उद्या मिळेल त्या होडीवर निघतो. मरा सगळे तुंबून!

६ सप्टेंबर
पिशवी भरली, तोच दार वाजलं. थोरले काका. एकटेच. बाही वर, कोपराच्या खळगीत कापूस चिकटवलेला.
"माझ्यात निघालं तर पोरीला मीच नेईन," म्हणाले. कापूस अंगठ्याने दाबला. "डॉक्टरीणबाई काय सांगते ते मला कळत नाही, गिसू. निकाल ऐकायला तू चल."
ओट्यावर बसलेत. कापूस अजून दाबून धरलाय.