आईच्या नावापुढची खूण

जे. पी. नगर, बंगळूर
४ ऑगस्ट २०२४

ती. रत्नाक्कास,
प्रभूमध्ये सलाम. वि. वि.

फोनवर आपले आवाज चढतात, म्हणून पत्र. अमृताचं लग्न आमच्याच सहभागितेतल्या, आमच्या प्रार्थनामंडळातल्या मुलाशी ठरलं, फार बरं वाटलं. मामा सुटात कसा दिसेल याची तिला काळजी असेल. मला जेवणाची आहे, सांग तिला.

इथलं मात्र स्वल्प बिघडलंय. बावीस वर्षांपूर्वी माझ्याच हॉलमध्ये आम्ही पाच मराठी कुटुंबं प्रार्थनेला बसू लागलो, तेव्हा कोण कुठल्या चर्चच्या मंडळीचा हे कुणी विचारलं नाही. आता ब्रदर बसवंत पुढारी आहेत. त्यांनी फॉर्म वाटलाय. घरातल्या प्रत्येकाच्या, गेलेल्यांच्याही नावापुढे खूण करायची: ‘तारलेला’ की ‘नावाचा ख्रिस्ती’. पाण्यात बुडवून बाप्तिस्मा झाला नसेल तो नावाचा. आईच्या डोक्यावर तान्हेपणी पाळकांनी नुसतं पाणी शिंपडलेलं. मी म्हणालो, हा निवाडा देवाचा, मी खूण करणार नाही. बसवंत म्हणाले, स्वतःचं डोकं चालवलं की तिथूनच माणूस घसरतो. बाकीच्यांनी फॉर्म भरायला घेतले.

तुझ्या प्रार्थनेत मला ठेव.
तुझा, दयानंद

बेळगाव
१९ ऑगस्ट

प्रिय दयू,
सलाम आणि अनेक आशीर्वाद.

व्याह्यांचा फोन आला होता. मुलीचा मामा ‘उदारमतवादी’ आहे म्हणे. म्हणजे काय, विचारायची मला लाज वाटली. फॉर्म भरला नाहीस तर लग्नात बायबलमधलं शास्त्रवाचन तू करायचं नाहीस, आणि आला नाहीस तर उत्तम, असं ते म्हणाले.

लहानपणी संडे स्कूलमध्ये तू शंका काढायचास आणि मी तोंडात रुमाल कोंबून हसायचे. आता हसू येत नाही रे. एक खूण ती काय! आई प्रभूजवळ आहे, तिला कागदाचं काय? तो फॉर्म व्याह्यांनी आमच्याकडेही पाठवला. मी भरला. आईपुढे ‘नावाची’ लिहिलं. अमृता एकोणतीस वर्षांची आहे, दयू.

रागावू नकोस.
तुझी अक्का

जे. पी. नगर
८ सप्टेंबर

ती. अक्कास,
प्रभूमध्ये सलाम.

तुझ्यावर राग नाही. पण मला जमणार नाही. शेवटच्या आजारात स्वतःला पाणी गिळता येत नसताना आई दवाखान्यात शेजारच्या खाटेवरच्या गंगव्वासाठी प्रार्थना करायची. तिला मी नावाची कसं लिहू?

आज प्रभुभोजनाच्या वेळी भाकरीचं ताट रांगेतून येत होतं. आमच्या पहिल्या पाच कुटुंबांतल्या नागनाथने ते माझ्या हातापर्यंत आणलं, बसवंतांकडे पाहिलं आणि माझ्या पलीकडच्याला दिलं. बाहेर रिक्षा थांबवता थांबवता तो मला म्हणाला की माझं बरोबर आहे, पण त्याच्याही मुली लग्नाच्या आहेत.

लग्नाला येईन, लांब उभा राहून तरी पाहीन.
दयानंद

बेळगाव
३ डिसेंबर

प्रिय दयू,
सलाम.

लग्न पार पडलं. तू चर्चच्या फाटकाशी उभा होतास, तो राखाडी सूट घालून. मी पाहिलं. तुला आत घ्यायला निघाले, तेवढ्यात मुलाच्या मावशीने विचारलं की फाटकाशी ते कोण. मी म्हटलं, ओळखीचे कुणीतरी असतील. पुन्हा वळून पाहिलं तर तू नव्हतास. जेवलास की नाही, कुणाला विचारणार?

क्षमा मागत नाही. उद्या पुन्हा कुणी विचारलं तर मी तेच सांगेन, हे मला ठाऊक आहे.

उत्तर पाठवू नकोस. अमृता आणि जावई इथे आलेत, पत्र त्यांच्या हाती लागेल. लोभ असलाच, तर मनात ठेव.

अक्का