पेलेटच्या ढिगाला घातलेली आंघोळ

तीर्थरूप मामांस,

भाच्याचा साष्टांग नमस्कार (कंबर धरल्यामुळे आठांपैकी पाचच अंगं जमिनीला टेकली आहेत, उरलेली मनाने टेकली असं समजा). तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? मामींचा माझ्यावरचा राग उतरला का? इकडे सगळं ठीक आहे असं लिहिणार होतो, पण तुमच्या शब्दावर मला या वीजकेंद्रात चिकटवलं, तेव्हा झालेलं माझ्याकडूनच कळलेलं बरं.

तुमच्या वेळी बॉयलरमध्ये नुसता कोळसा जायचा. आता शंभर टन कोळशामागे पाच टन पेलेट मिसळतात. पेलेट म्हणजे धाटं, भुसा, लाकडाचा चुरा दाबून केलेल्या करंगळीएवढ्या कांड्या. (यार्डातले जुने लोक त्याला गुरांचा खुराक म्हणतात आणि माझ्याकडे बघून हसतात.) त्या ढिगाची राखण माझ्याकडे. पाळीला एकदा डबाभर नमुना लॅबमध्ये न्यायचा, तिथे त्याचा ओलावा मोजतात. मोजणारी केमिस्ट पहिल्या दिवशी मान वर न करता "ठेवा तिथे" म्हणाली, आणि मामा, दुसऱ्या दिवसापासून मी तासातासाला नमुना न्यायला लागलो. (एकदा म्हणाली, "अख्खा ढीग इथेच आणून टाकणार का?" किती आपुलकी!)

गेल्या मंगळवारी ती स्वतः ढिगापाशी आली आणि धुळीने तिला ठसका लागला. माझं डोकंच सटकलं. मुकादमाला विचारलं, "माणसं मरायची वाट बघताय का?" तो म्हणाला, "अरे बाबा, धूळ आहे ती, वाघ नाही." झालं! शेजारच्या कोळशाच्या ढिगावर धूळ बसावी म्हणून दिवसभर पाणी मारतात, ते मी रोज बघतो. तिथला पाइप ओढला आणि ती जेवून येईपर्यंत पेलेटचा ढीग नखशिखान्त न्हाऊ घातला. पण कोळसा पाणी पिऊन गप्प बसतो, पेलेट पिऊन फुगतात. (हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं.) तासाभरात कांड्यांचा लगदा झाला, तो बॉयलरकडे माल नेणाऱ्या पट्ट्यावर चढला, वर जाऊन घसरणीत अडकला आणि पट्टा बंद पडला. शिफ्ट इंजिनिअरसाहेबांनी माझ्या सातापैकी चार पिढ्यांचा उद्धार केला (तुमचीही बाजू त्यात आली, माफ करा). मीही उलट ओरडलो. मग दोन दिवस फावड्याने लगदा उपसत होतो, ही कंबर त्याचीच.

शनिवारी चौकशी झाली. तिने वही उघडून वाचलं: दहाला आठ टक्के, अकराला आठ, बाराला आठ, एकला एक्केचाळीस. (एकचा नमुनाही मीच इमानदारीने नेऊन दिला होता.) साहेबांनी विचारलं, "तासातासाला कशाला?" ती म्हणाली, "त्यामुळेच तर बाराच्या आधी बॉयलरच्या कोठीत, बंकरमध्ये गेलेला माल कोरडा आहे हे कळलं. नाहीतर तोही उपसावा लागला असता." मामा, मी उभ्या उभ्या फुगलो, तेही पाण्यावाचून!

तरी निर्णय सोमवारी. कुणी काढून टाकण्याआधी आपणच निघावं, म्हणून राजीनामा लिहून खिशात ठेवलाय. स्वाभिमान म्हणून काही आहे की नाही? आईला इतक्यात सांगू नका.

तुमचाच,
भाचा

ता. क. : राजीनामा फाडला. साहेबांनी मला यार्डातून उचलून लॅबमध्ये टाकलंय, तिच्या हाताखाली, बाटल्या धुवायला. वजनाच्या काट्याला हात लावायचा तर विज्ञानाची पदवी लागते म्हणे.

दुसरा ता. क. : पत्र पोस्टात टाकतोय ते खरं यासाठीच. ज्या रसायनशास्त्राच्या सरांच्या टेबलावर वही आपटून मी दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलं, ते सकाळी तुमच्याबरोबर फिरायला येतात ना? परत नाव घालायला त्यांची सही लागते. माझ्या वतीने माफी मागा. वाटल्यास भाचा तेव्हा ठार वेडा होता असं सांगा, मामी साक्ष देतील.

तिसरा ता. क. : परत शिकणार असं तिला सांगितलं. म्हणाली, "आधी पास व्हा, मग बोलू." कशाबद्दल, ते विचारायला तोंड उघडलं होतं. मिटलं. तेवढं सरांना आवर्जून सांगा.