हलकी चिंबोरी

बेंगळुरू, रविवार

ती. आयेला रोशनीचा नमस्कार.

मासळी बाजाराच्या गलक्यात तुला फोनवर अर्धंच ऐकू येतं, म्हणून लिहिते. शैलेशदादा, आयेला मोठ्यानं वाचून दाखव, मधलं गाळू नकोस.

नवा लॅपटॉप घेतला. दुकानदारानं दोन पुढे ठेवले. मी सवयीनं दोन्ही हातांवर तोलले आणि जड होता तोच जवळ ओढला. दुकानदार हसला. त्याला काय माहीत, पनवेलच्या बाजारात खेकडे निवडताना तू मला हेच शिकवलंस, "हलकी चिंबोरी घेव नको, आत काय नाय."

तरी शेवटी हलकाच घेतला. वजन कमी आणि किंमत जास्त, हे ऐकून तू कपाळाला हात लावशील. पण आत सगळं आहे, बॅटरीही दिवसभर पुरते.

जुना जड लॅपटॉप रोज पाठीवर वागवून माझा उजवा खांदा धरला होता. आता बरा आहे, काळजी करू नकोस. जेवणही नीट चाललंय. तू दिलेली सुकट अजून आहे, शेजारीण वासानं नाक मुरडते आणि मग वाटीभर मागून नेते.

डॉक्टरबाई म्हणाल्या, ओझं उचलू नका. मी म्हटलं, एवढ्याशा ओझ्यानं काय होतंय, माझी आई रोज डोक्यावर मासळीची पाटी वाहते.

त्यांनी विचारलं, "मग त्यांची मान कशी आहे?"



आये, कशी हाय तुजी मान?

तुझी,
रोशनी