ओढ्यापलीकडच्या सेनापतीस

ती. चारुकाका यांस,

“चेहरा आठवत नसेल तर ज्याचा राग येतो त्याचा काढ, नाक आपोआप जागेवर येतं.” मी सातवीत होते, एलिमेंटरीच्या परीक्षेत स्मरणचित्र कसं काढायचं म्हणून रडत बसले होते, तेव्हा तुम्ही हे मला सांगितलं होतंत. मी भाजीवालीला गणिताच्या बाईंचं तोंड दिलं आणि ‘ए’ ग्रेड मिळवली. पुढे बत्तीस वर्षं ते वाक्य माझ्या डोक्यात निपचित पडून होतं. गेल्या महिन्यात ते उठून बसलं, आणि त्यानं माझ्या घरात जो काही धुमाकूळ घातलाय तो तुमच्या कानावर घालावा म्हणून हे पत्र.

आधी नमस्कार. तो वाकूनच केलाय असं समजा, कारण नागोयात नऊ वर्षं काढल्यावर मी फोनवर बोलतानाही वाकते. स्नेहलताकाकूंचे गुडघे कसे आहेत? तुम्ही डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढून घेतलात का? (घेतला नसेल तर पुढची काही कडू वाक्यं मी आत्ताच मागे घेते. घेतला असेल तर ती सगळी तुम्हालाच उद्देशून आहेत.) आम्ही बरे आहोत. अंबरीष ऑफिसात असतो म्हणून बरा आहे, आर्या तेरा वर्षांची आहे म्हणून तिचं काही सांगता येत नाही, आणि बाबा ऑगस्टपासून आमच्याकडे आहेत. त्यांचं नाव तुमच्या पत्रात लिहायचं नाही हा अकरा वर्षांचा नियम मी मोडते आहे. इलाज नाही. ते या प्रकरणाच्या मध्यभागी बसलेत, तेही घडीच्या खुर्चीवर.

इथे प्रत्येक वस्तीचं एक चोनाइकाई असतं, म्हणजे गल्लीचं मंडळ. आपल्या मंडळांसारखंच, फक्त मीटिंग वेळेवर सुरू होते आणि वेळेवर संपते, त्यामुळे भांडण पुरं होत नाही आणि पुढच्या मीटिंगपर्यंत शिल्लक राहतं. त्याचं काम घराघरानं पाळीपाळीनं करावं लागतं. तुम्ही परदेशी आहात, भाड्यानं राहता, तुम्हाला भाषा येत नाही, यातली कुठलीही सबब चालत नाही. यंदाची पाळी आमची. कचऱ्याच्या पिंजऱ्याभोवती झाडायचं, सूचनांची फाइल शेजारच्या घरी पोचवायची आणि मंडळाच्या सभागृहातल्या स्मारकाची निगा राखायची, एवढंच काम आहे असं मला सांगण्यात आलं होतं.

तर हे स्मारक. दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी जपानात यादवी माजली होती, जुन्या राजवटीचे एकीकडे आणि नव्या राजवटीचे दुसरीकडे. आमच्या वस्तीतून एक ओढा जातो. ओढ्याअलीकडचे लोक होरिबे नावाच्या सेनापतीबरोबर गेले, पलीकडचे सेगावा नावाच्या. दोघांची इथेच ओढ्यावर एक लढाई झाली. ती सकाळी सुरू झाली आणि मोठा पाऊस आल्यामुळे दुपारी थांबली. दोन्हीकडचे मिळून एक बैल कामी आला. पण अजूनही मीटिंगला अलीकडचे खिडकीपाशी बसतात आणि पलीकडचे दारापाशी. या दोन सेनापतींची चित्रं, फोटो, काहीही कुणाकडे नाही. सभागृहाच्या समोरासमोरच्या भिंतींवर नावाच्या दोन पट्ट्या आहेत आणि वर दोन रिकामे खिळे. यंदा तीन नोव्हेंबरच्या सुट्टीला त्या खिळ्यांवर काहीतरी लागलंच पाहिजे असं ठरलं, आणि सगळे बराच वेळ टेबलाकडे बघत बसले. ती शांतता मला सोसवेना. (तुम्हाला माहीतच आहे, आपल्या घरात शांतता झाली की कुणीतरी रुसलेलं असतं.) म्हणून मी उगीच बोलायचं म्हणून बोलले, की माझे सांगलीचे काका शाळेत चित्रकला शिकवायचे आणि शिवजयंतीला सगळ्या सरदारांची चित्रं तेच काढायचे. बस. दुसऱ्या दिवशी इतिवृत्त घरी आलं. त्यात माझ्या नावापुढे लिहिलं होतं: दोन तैलचित्रं, ऑक्टोबरअखेर.

ते काम मी तुमच्या गळ्यात घातलं आणि मंडळाच्या चौदा अटीही तुम्हाला पाठवल्या होत्या. दोन्ही चित्रं सारख्या मापाची. दोघांच्या अंगरख्याला सारख्या गाठी. घोडा कुणालाच नको, कारण सेगावांकडे घोडा नव्हता आणि होरिबेंची कंबर धरली होती. मिशा कुणालाच नकोत. कागदपत्रांत होरिबेंचं वर्णन एका ओळीचं होतं: रुंद कपाळ, जाड भुवया आणि नेहमी हरकत घ्यायच्या बेतात असलेला चेहरा. ती ओळ आर्यानं मला वाचून दाखवली तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

काका, तुमचं चित्र पाइपातून सुखरूप आलं. ते उलगडताना सभागृहात बावीस माणसं होती आणि बाबाही होते, कारण घरी एकटं बसून त्यांना कंटाळा येतो. ते खालून उलगडत गेलं. आधी पाय दिसले, पायांत कोल्हापुरी वहाणा, मग डोंगर. आमची वस्ती पोळपाटासारखी सपाट आहे, तुम्ही मागे डोंगर काढलात आणि वर बुरूज. अलीकडच्यांचे म्हातारे चिटणीस ओकुमुरा-सान भिंग घेऊन वाकले आणि म्हणाले, गवताच्या चपला फारच बारकाईनं विणल्यात, असं काम हल्ली बघायला मिळत नाही. डोंगराबद्दल म्हणाले, तेव्हा असेल. मला वाटलं, सुटले. तेवढ्यात चेहरा उलगडला.

मिशीसकट बाबा. सुरेश दत्तात्रेय, सेवानिवृत्त बँक अधिकारी, कोथरूड, हे दोन तलवारी कमरेला खोचून ओढ्याकाठी उभे, आणि आता समोरच्याच्या फॉर्मवर सही जुळत नाही म्हणून तो परत करणार, असा चेहरा. बावीस माणसांनी चित्राकडे पाहिलं, मग बाबांकडे पाहिलं, मग जपानी सभ्यतेनुसार सगळ्यांनी छताकडे पाहिलं. आर्याला ती सभ्यता अजून पुरती आलेली नाही. ती जोरात म्हणाली, “जीजी!” म्हणजे आजोबा. ओकुमुरा-सान सावकाश उठले आणि बाबांना कमरेत वाकून नमस्कार केला. बाबांनी तो घेतला. (त्यांनी कधी कुणाचा नमस्कार नाकारलाय?)

मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. घरी येताना बाबा एकच वाक्य बोलले, “डावी मिशी उतरलीये. चारूला डावी बाजू कधीच जमली नाही.” अकरा वर्षांत त्यांच्या तोंडून तुमचं नाव मी पहिल्यांदा ऐकलं, म्हणून मी वाद घातला नाही.

त्यानंतर आमचं जे झालंय ते शत्रूचंही होऊ नये. अलीकडचे लोक बाबांना होरिबेच समजतात असं मी म्हणणार नाही, ती शहाणी माणसं आहेत. पण दाराशी पर्सिमन फळांच्या पिशव्या येतात. मीटिंगला त्यांच्यासाठी खिडकीपाशी खुर्ची राखलेली असते. बाबा रोज सकाळी दहा वाजता सभागृहात जाऊन स्वतःच्या चित्राखाली बसतात. देखरेख करतो म्हणतात. आणि पलीकडचे? पलीकडच्या बाजूच्या प्रमुख मियाके-सान, सत्तरीच्या, ताठ, कचऱ्याच्या पिंजऱ्याची किल्ली त्यांच्याकडे. नऊ वर्षांत आमच्या पिशवीवर कधी लाल चिठ्ठी लागली नव्हती. गेल्या तीन आठवड्यांत चार लागल्या. बाटलीचं झाकण वेगळं टाकलं नाही. बाटली धुतली नाही. बाटली धुतली, पण वाळवली नाही. चौथी चिठ्ठी मी अजून आर्याकडून वाचून घेतलेली नाही, मला भीती वाटते. रस्त्यात भेटल्या तेव्हा मी शंभरदा माफी मागितली, दुसरं चित्र येतंच आहे म्हणाले. त्या गोड हसून म्हणाल्या, “आम्ही दीडशे वर्षं वाट पाहिलीय. आणखी तीन आठवड्यांचं काय एवढं!” काका, माझ्या सासूबाईंनीही मला इतक्या गोडीनं कधी घाबरवलं नव्हतं.

आणि तुमचा निरोप काय, तर काकूंच्या फोनवरून चार शब्द: दुसरा चेहरा सुचत नाही. म्हणजे सबंध जगात तुम्हाला एकाच माणसाचा राग येतो. मला हे सज्जनपणाचं लक्षण वाटलं असतं, पण समोरच्या भिंतीवर खिळा रिकामा आहे आणि आज सतरा ऑक्टोबर आहे.

तो रिकामा खिळा बाबांना बघवेना. रोज त्याच्याच समोर बसायचं म्हटल्यावर काय होणार? गेल्या सोमवारी ते म्हणाले, “त्या दुसऱ्याला चारूचंच तोंड हवं. मी काढतो.” मला वाटलं, गंमत करतायत. बाबा कधी गंमत करतात का? जन्मात ज्यांनी सहीशिवाय काही काढलं नाही, ते आर्याचे रंग घेऊन माझ्या जेवणाच्या टेबलावर बसलेत. आम्ही पाच दिवस जमिनीवर जेवतोय. अंबरीषच्या ऑफिसच्या शर्टाला नारिंगी रंग लागला, तो म्हणाला, “सासरेबुवांचा हात आहे, जपून ठेवतो,” पण त्याचा आवाज नेहमीचा नव्हता. आणि चित्र म्हणाल, तर टोपी घातलेला फणस. बाबा पुसतात, पुन्हा काढतात, पुन्हा फणस. काल म्हणाले, नाक जागेवर येत नाही. मी तुमचं ते वाक्य सांगितलं. ज्याचा राग येतो त्याचा काढा. ब्रश खाली ठेवून म्हणाले, “म्हणूनच येत नसेल.” आणि मला चहा टाकायला पाठवलं.

मी लहान नाही. आजीच्या तेराव्याला काय झालं ते मी माजघराच्या दारात उभी राहून पाहिलंय. तुम्ही आठ रात्री जागून काढलेलं आजीचं चित्र बाबांनी कपाटाकडे तोंड करून ठेवलं आणि पाटावर स्टुडिओतला मोठा केलेला फोटो मांडला. “आई आईसारखी दिसायला हवी,” असं म्हणाले. तुम्ही जेवण न करता सांगलीची गाडी पकडलीत. ते चूक होतं. मी तेव्हा काही बोलले नाही, तेही चूक होतं, आणि त्याचा मला आजही त्रास होतो. पण एक विचारू? होरिबेंच्या कागदपत्रांत उजव्या भुवईवर खोक कुठेच नव्हती. मी चौदाही अटी दोनदा तपासल्या. ती खोक बाबांच्या भुवईवर आहे, तुम्ही सहा वर्षांचे असताना मारलेल्या भोवऱ्याची. अकरा वर्षं ज्याचं तोंड पाहिलं नाही त्याची खोक तुम्ही दोन मिलिमीटरही हलू दिली नाहीत. एवढा राग करायला माणूस किती पाठ असावा लागतो, याचा मी भांडी घासताना विचार करते, आणि मग भांडी घासायची राहतात.

असो. तुम्ही आठ दिवसांत दुसरं चित्र काढून पाठवावं अशी नम्र विनंती. चेहरा आरशात बघून काढलात तरी पलीकडच्यांची हरकत नाही. मिशी ठेवा, आता समानतेसाठी ती लागेलच. डोंगरही ठेवा.

काकूंना सा. नमस्कार. कळावे.

वैतागलेली पण तुमचीच,
संपदा

ता. क. चित्र जमत नसेल तर राहू द्या. मलाही ठाऊक आहे, आठ दिवसांत तैलरंग वाळतसुद्धा नाही. मग निदान तुमचा एक फोटो पाठवा, समोरून काढलेला. बाबांनी माझ्या लग्नाचा सबंध अल्बम चाळला. प्रत्येक फोटोत तुम्ही पाठमोरे किंवा पंगतीत वाकलेले. त्यांना तुमचा चेहरा आठवतो तो बाविसाव्या वर्षीचा, आणि त्या वयाचा सेनापती मियाके-सान चालवून घेणार नाहीत.

ता. क. २. हे लिहू नकोस असं मला बजावलंय, म्हणून तळाशी लिहिते. काल सातवा फणस पुसल्यावर बाबा आपणहून म्हणाले, “तो स्टुडिओतला फोटो आईसारखा नव्हताच. तिनं कधी असं हसून पाहिलंय का कुणाकडे? चारूच्या चित्रात ती चिडलेली होती. तशीच होती.” मग म्हणाले, हे सांगलीला कळता कामा नये. कळवलेलं नाही, असं समजा.

ता. क. ३. फोटोही राहू द्या, खरं मागणं वेगळंच आहे. बाबांचा व्हिसा नोव्हेंबरच्या आठ तारखेला संपतो, नंतर ते कोथरूडला आणि तुम्ही सांगलीला, म्हणजे मध्ये पुन्हा अख्खा ओढा. टपालानं हे पत्र वेळेत पोचणार नाही, म्हणून त्याचे फोटो काकूंच्या फोनवर पाठवतेय. येत्या रविवारी तुमच्या सकाळी सात वाजता, आमच्या साडेदहाला, मी व्हिडिओ कॉल लावते. काकूंना फोन धरायला सांगा आणि अर्धा तास खिडकीजवळ बसा, उजेड डावीकडून येईल असे. बाबा इथे समोर बसून काढतील. बोलायचं नाही, त्यांच्याशीही नाही आणि माझ्याशीही नाही. चित्रासाठी बसलेल्या माणसानं बोलायचं नसतं, हे तुम्हीच मला शिकवलंत. तुम्ही नाही म्हणणार हे मला माहीत आहे, आणि कोणत्या शब्दांत म्हणणार तेही. तरी रविवारी दाढी करून ठेवा. मिशीला हात लावू नका.