उजवी बाजू माझी

४ जून
डेंटल कॉलेजच्या रिसर्चचा विषय मंजूर. मॅडमना करावाच लागला, बाकीच्यांनी आणलेले विषय ऐकून त्यांनाच जांभया येत होत्या. माझा विषय: मनगट फिरवून ब्रश करायची मी शोधलेली पद्धत. प्रत्येकानं महिनाभर उजवीकडचे दात माझ्या पद्धतीनं घासायचे, डावीकडचे जुन्या सवयीनं. मग रंगाची गोळी चघळायची. जिथे घाण राहिली तिथे दात गुलाबी होतात. मी चार्टवर खुणा करायच्या, संपलं. रिसर्च पास झाल्याशिवाय फायनलला बसू देत नाहीत, पण ती काळजी ढ लोकांनी करावी.

मॅडम म्हणाल्या, चार्ट कुणाकडून तरी तपासून घे. चष्मेवाली लगेच पुढे, मी बघते म्हणाली. वर्गात पहिली येते म्हणून हिला सगळ्यांच्या तोंडात नाक खुपसायचा परवाना मिळालाय. तिच्याशी आजपासून कायमचा अबोला.

५ जून
चष्मेवालीकडून पेन मागावं लागलं. हे बोलणं धरायचं नाही.

८ जून
तोंडं घरचीच घेतली. बाबा, ताई, भाऊजी. शिवाय खालचे वॉचमनकाका. बाबांच्या दाढेवर कॅप आहे, आमच्या मॅडमनीच बसवलेली. माझी पद्धत ऐकायची सोडून बाबा त्या कॅपचं कौतुक सांगत बसले. भाऊजी म्हणाले, असं मनगट फिरवलं की घड्याळाला चावी दिल्यासारखं वाटतं. फुकट हसणारा माणूस.

ताईनं विचारलं, तू तर दोन्हीकडे हीच पद्धत वापरतोस, मग बेसिनमध्ये रक्त का असतं? हिरड्या तयार होताहेत, म्हटलं. पिकतं तिथे विकत नाही हेच खरं.

९ जुलै
सगळ्यांना समोर बसवून गोळ्या चघळायला लावल्या. निकाल जबरदस्त. चारही तोंडांत माझी बाजू लख्ख, जुनी बाजू गुलाबी. ताई आरशात बघून म्हणाली, गुलाबी तर तुझ्या पद्धतीच्या बाजूला आहे. आरशात सगळं उलटं दिसतं, हे तिला समजावून सांगावं लागलं. एवढी मोठी झाली तरी.

चार्ट कुणालाही दाखवणार नाही. चोरतील.

१३ जुलै
परवा हॉलमध्ये सगळ्यांसमोर रिसर्च मांडायचा, त्या भाषणाची तयारी करायची होती. आभाराचा भाग लिहून झाला. त्यात कुणाचंच नाव बसेना. झोपलो.

१५ जुलै
कट होता. मॅडमनी बाबांच्या चार्टवर थांबवलं. कॅप डावीकडे कशी, म्हणाल्या. मी म्हटलं, चार्टवर तशीच आहे. त्या म्हणाल्या, मी तर उजवीकडे बसवली होती, दाढ चालत गेली का? अख्खा हॉल खिदळला. मग म्हणाल्या, पेशंट समोर बसला की त्याची उजवी बाजू आपल्या डाव्या हाताला येते, हे पहिल्या वर्षीच घोकून घेतलं होतं ना?

चारही चार्ट उलटे. म्हणजे लख्ख बाजू जुन्या सवयीची. गुलाबी ती माझी.

चूक माझी नाही. सगळेच्या सगळे माझ्याकडे तोंड करून बसले होते. आणि ताईला नीट सांगता आलं असतं, तर ही वेळ आली नसती. खाली उतरताना चष्मेवालीनं पेन परत मागितलं.

१६ जुलै
रिसर्च पुन्हा पहिल्यापासून. या खेपेला फायनल नाही. चार्ट चष्मेवाली तपासणार. त्याआधी मॅडमनी मलाच गोळी चघळायला लावली. दोन्हीकडे गुलाबी, वर आणि खाली. हिरड्यांतून रक्तही आलं. हिरड्या तयार होताहेत, असं म्हणायची माझी हिंमत झाली नाही.

दात साफ करायला मला चष्मेवालीच्या खुर्चीत बसवलं. तिनं खुर्ची आडवी केली, तोंडात आरसा घातला आणि शांतपणे विचारलं, उजवीकडून सुरू करू की डावीकडून?

बोट दाखवायला हात उचलला होता. खाली घेतला.