सकाळची मुलगी तपासण्याबाबत

प्रति,
मा. अधीक्षक,
बालरुग्णालय.

विषय : माझ्या मुलीचे सांधे पहाटे तपासण्याबाबत.
संदर्भ : औषध समितीचा शेरा, "सांधे मोकळे. नव्या इंजेक्शनची गरज नाही."

महोदय,

१. मी इस्त्रीवाला. माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला बालसंधिवात आहे. दर आठवड्याचे इंजेक्शन ती निमूट घेते, दुसऱ्या दिवशी ओकते. ते आता पुरत नाही, नवे द्यावे, असे आपल्याच डॉक्टरीणबाईंनी लिहून दिले आहे. मनगटाच्या हाडांमधली फट बुजत चालली आहे. एकदा बुजली की कुठल्याही औषधाने उघडत नाही. समितीने ही झीज "जुनी समजावी" असे ठरवले. जुनी आहेच, पण थांबलेली नाही.

२. समिती बसते दुपारी. मुलगी आखडते सकाळी. तेव्हा तिला पेला धरवत नाही, जिना उतरवत नाही. मी ओल्या टॉवेलवर इस्त्री फिरवतो आणि तो तिच्या गुडघ्यांना, मनगटांना गुंडाळतो. मग हळूहळू सुटते, बसमध्ये चढते आणि आपल्यासमोर येते ती हसत, टुणटुणीत. टॉवेल न द्यावा तर ती येणार कशी, आणि द्यावा तर दुखणे दिसणार कसे? धरले तर चावते, सोडले तर पळते.

३. शाळेतल्या बाई, शेजारी, माझी सख्खी बहीण, सारे तिला दुपारीच भेटतात. बहीण म्हणते, पोरगी सोंग करते आणि दादा लाड करतो. तिची आई वारल्यापासून सकाळची ती ठाऊक असलेला माणूस मी एकटाच. फार एकटे वाटते, महोदय. अर्जात असे लिहीत नाहीत, माफी असावी.

४. तरी समितीने एकदा पहाटे बसावे. सदस्यांना उठणे जमत नसल्यास आमच्या खोलीत मुक्काम करावा. आम्ही दुकानात झोपू. कोटांना इस्त्री करून मिळेल. तेही गैरसोयीचे असल्यास समितीच्या दाराबाहेरच्या बाकावर आम्हाला एक रात्र झोपू द्यावे आणि सकाळी येणाऱ्या पहिल्या डॉक्टरांनी तिला उठवावे. अंथरूण आमचे आणू.

५. मुलीला हे सांगितले. ती म्हणाली, "बाबा, तिथे टॉवेल देऊ नका हं. मी रडले तरी." मी कबूल केले आहे. म्हणून त्या दिवशी कोणीतरी लवकर यावे, एवढीच विनंती.

आपला नम्र,
मुलीचा बाप
दिनांक : ९ जानेवारी

सोबत :
१. मनगटांचे एक्स-रे.
२. मुलीने लिहिलेले स्वतःचे नाव, दुपारचे.
३. तेच, सकाळचे. अक्षर लागत नसल्यास कृपया परत पाठवू नये.